प्लग वाचणं

पऱ्हाट्यांच्या गंजीखालून निघाली तेव्हा
टाकीत पेट्रोल नव्हतं, मुंग्यांचं घर होतं.
येझदी, चौऱ्याहत्तरची.
उईके कंपाउंडर हिच्यावरूनच गावोगाव गाई भरवत हिंडले,
मागची पेटी अजून वेल्ड केलेली.
खंगारकाकांनी सायलेन्सरात फुंकर मारली,
तोंड काळं करून घेतलं, म्हणाले,
"जित्ती हाये."

काका जिनात फिटर होते, सव्वीस वर्षं.
सरकीच्या खडखडाटात डावा कान गेला,
उजवा अर्धा.
इंजिन ते पेचकसानं ऐकतात.
टोक सिलिंडरवर, मूठ जबड्यावर, डोळे मिटलेले.
आपण बोललो तर हातानंच गप्प करतात,
जणू फोनवर कुणी लांबचं बोलतंय.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत
आम्ही तिच्यातून लोखंड काढत होतो.
पेटी, मडगार्ड, स्टँड, हॉर्न,
जे पळायच्या कामाचं नाही ते भंगारात.
हेड खरवडलं आर्वीला, तुरणकराच्या लेथवर,
रात्री दोनला लाइन आली तेव्हा.
पोर्ट मी घासले, माझी बोटं बारीक म्हणून.
आत बोट फिरवलं की लागायची
कारखान्यात कुणीतरी
जेवणाच्या सुट्टीआधी तशीच सोडलेली एक कड.
ती उतरवायला मला अकरा दिवस लागले.

पॉइंटच्या फटीत काका विडीच्या बंडलाचा कागद धरत,
मी क्रँक फिरवायची, मुंगीच्या चालीनं.
कागद सुटला, तिथं ठिणगी.
कागदाएवढं चुकलं तरी
पुन्हा पहिल्यापासून.

मग मला कापसाच्या काट्यावर उभं केलं.
चव्वेचाळीस किलो दोनशे.
"चाल्ते," काका म्हणाले, "सकायी पोटभर जेवू नोको."
आई म्हणाली, पोट्टीले वजन करून कोनी नेते का,
अन् तेबी गाडीसाठी.

पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर ट्रायल घेतली.
धुकं, बोटं बधिर,
आणि ती अशी सुटली
की हरभऱ्यातलं डुक्कर उभ्या जागी विसरलं कुठं पळायचं ते.
प्लग काढला: चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग.
काका हसले. वर्षातून एखाद्या वेळी हसतात.

शंकरपटाच्या जोड्या दुपारी उरकल्या.
त्याच पट्टीवर, त्याच खुरांच्या मातीत, मग गाड्या.
ऊन डोक्यावर आलं
आणि ती खोकू लागली,
चार ठोक्यांतला एक गिळू लागली.
प्लग काळा, ओला.
"हवा पातय झाली," काका म्हणाले,
"सकायी घट्ट होती."
लहान जेट आमच्याजवळ नव्हतं,
पंचक्रोशीत कुणाजवळ नव्हतं.
त्यांनी तुटक्या क्लच केबलमधून एक तार सोलली, केसाएवढी,
जेटच्या भोकात ओवून दुमडली.
"आता तिले पेट्रोल कमी भेटन, तेल बी कमी.
तीनदा पुरी खेच.
चवथ्यांदा जाम होईन.
क्लचवरचं बोट नोको काढू."

फायनल चौथीच होती.

झेंडी पडली. किकचाच दांडा गिअरचा, तो मी टाचेनं मोडल्यासारखा दाबला.
दोन्ही बाजूंनी माणसं होती, मला फक्त धूळ दिसली.
दोरीच्या अलीकडे आवाज उंच गेला,
पत्र्यावर कानस ओढावी तसा.
बोट मिटलं.
इंजिन गेलं.
उरलेली पट्टी ती मुकी घरंगळत आली,
सायकलीसारखी, फक्त चेन कुरकुरत.

भोंग्यावर नंबर पुकारला. मला ऐकू आला,
काकांना नाही. त्यांनी विचारलंही नाही.
पान्हा घेऊन ते आधी प्लगपाशी बसले,
काढला, चिंधीत धरला, उन्हाकडे केला.
पांढराफटक.
त्यावर पिस्टनचे चकचकीत कण,
खसखशीएवढे.
बराच वेळ बघितला.
मग माझ्यापुढे धरला.
"वाच."

मी घेतला.
या हातातून त्या हातात टाकत, फुंकत,
हातमोजे काढले होते हे विसरून.